पिनबॉल यंत्र घरी घ्यावे का?

कोथरूडकर: ऐंशीच्या दशकातले बहुतेक खेळ मोबाइलवर मिळत असताना, सुट्या भागांसाठी परदेशाकडे पाहायला लावणारे पिनबॉल यंत्र, म्हणजे काचेखालच्या उतरत्या टेबलावर बटणांनी पाती हलवून गोळा खाली पडू न देण्याचा खेळ, पुण्यात आणण्यात अर्थ आहे का?

पेठकर: आहे. सुमारे ८० ग्रॅमचा पोलादी गोळा उतारावरून खरोखर घरंगळतो आणि त्याला वाचवण्यासाठी यंत्राला दिलेला धक्का जरा जास्त झाला, तर आतला लोलक ‘टिल्ट’ दाखवून चेंडू बाद करतो. मोबाइलवर हा थरार नाही.

औंधकर: विल्यम्स या अमेरिकी कंपनीने १९९९ मध्ये पिनबॉल यंत्रे बनवणे थांबवल्यावर स्टर्न ही एकच मोठी कंपनी उरली होती, आता स्पर्धक आहेत, त्यामुळे नवे यंत्रच घ्यावे. जुने अमेरिकी यंत्र घेतलेच, तर आपल्या २३० व्होल्टला जोडण्यापूर्वी ट्रान्सफॉर्मर तपासून घ्या.

पेठकर: वजन शंभर किलोंच्या आसपास असते, वाड्याच्या माडीवर मात्र नको.