गाव निवडलं, पुढं काय?

सरकारी शेती योजनांत मराठवाड्याला आणखी प्राधान्य हवं का, या चर्चेत एकांचं म्हणणं असं की २०१८ साली उस्मानाबाद (आताचं धाराशिव) केंद्राच्या आकांक्षित, म्हणजे मागास म्हणून खास लक्ष द्यायच्या, जिल्ह्यांत घेतला, 'पोकरा'त (राज्याच्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात) मराठवाड्यातले आठही जिल्हे आहेत, मग आणखी कसलं प्राधान्य हवं? योजनेसाठी जिल्हा नि गाव निवडण्यापर्यंत ठीक चालतं हो. घोडं पेंड खातं ते पुढं.

'पोकरा'त दोन हेक्टरपर्यंत जमीन असेल तर ७५ टक्के अनुदान, त्यावर पाच हेक्टरपर्यंत ६५. कागदावर झकास. पण पूर्वसंमती आली की ठिबकचा संच आधी पदरच्या पैशानं घ्या, जीएसटीचं पक्कं बिल जोडा, सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) शेतात येऊन फोटो काढणार, मग कधीतरी खात्यावर पैसे. तोवर दम धरतो कोण? ज्याची दुकानदाराकडं पत आहे तो.

अनुसूचित जातीच्या शेतकऱ्यांसाठीच्या स्वावलंबन योजनेत नव्या विहिरीला किमान ०.४० हेक्टर, म्हणजे एकरभर जमीन लागते. भावाभावांत वाटण्या होऊन तेवढी उरते कुणाकडं? आणि दिवाळीच्या आगंमागं कोयता घेऊन कारखान्याला जाणारा भूमिहीन तर या रांगेतच नसतो.

माझं म्हणणं एवढंच, अल्पभूधारकाकडून त्याचा हिस्सा घ्या, बाकीची रक्कम सरळ विक्रेत्याला द्या. बोगस बिलं निघतील म्हणाल, तर ती आजही निघतातच की.