ग्रेडियंट कॉइलला मराठीत काय म्हणायचं?

कृष्णाकाठ:
मिरजेतल्या एका स्कॅन सेंटरसाठी पेशंटना द्यायचं एक पानी पत्रक मराठीत करतोय. "एमआरआय मशीन एवढा आवाज का करतं" इथं अडलोय. आवाज मोठ्या चुंबकाचा नसतो, तो बिचारा गप्प असतो. आवाज ग्रेडियंट कॉइलचा, तिच्यातला करंट भराभर उलटसुलट होतो आणि चुंबकाच्या पोटात असल्यामुळं ती स्पीकरच्या कॉइलसारखी थरथरते, म्हणून ते ठकठक, टर्रर्र. आता "कॉइल" तसंच ठेवलं तर आमच्या आत्यानं वाचून विचारलं, चटका बसतो का रे? तिची कॉइल म्हणजे गिझरची. आणि ग्रेडियंटला "प्रवणता" लिहिलं की मला घाटातली "अपघातप्रवण क्षेत्र" पाटी दिसते. सोपं काही सुचवा, संध्याकाळी छापायला द्यायचंय.

माळरान:
ढाळ! रानाला ढाळ, पाटाला ढाळ, गच्चीला ढाळ. चुंबकाची ताकद एका टोकाला जरा कमी, दुसऱ्या टोकाला जरा जास्त, हाच ग्रेडियंट ना? मग ढाळाची कॉइल. विषय संपला.

हळदपेठ:
कुठला संपला. दवाखान्याच्या कागदावर ढाळ छापलं की म्हातारी माणसं म्हणणार, मला ढाळ लागलेत म्हणून आत घेतलंय काय.

माळरान:
आयला, ध्यानातच नाही आलं.

वाईचा घाट:
मुळापासून चला की. एमआरआयमधला आर म्हणजे रेझोनन्स, त्यालाच धड एक शब्द नाही. आमच्या वाईच्या विश्वकोशात अनुस्पंदन आहे, लोक मात्र सर्रास अनुनाद लिहितात, तो हिंदीतून उचललेला. इथं नाद कुठाय? शरीरातल्या पाण्यातल्या हायड्रोजनचे प्रोटॉन, ज्यांच्यावर हे सगळं चालतं, ते काही वाजत नाहीत.

तरफदार:
अनुनाद हिंदीचा नव्हे हो, संस्कृत आहे, तुमच्याआमच्या दोघांच्या आजोबांचा. आणि नाद नाही कसा? माझं लहानपण मिरजेत सतारी बनवणाऱ्यांच्या शेजारी गेलं. वरची तार छेडली की खालच्या तरफा हात न लावता आपोआप बोलतात, पण ज्या त्या सुराला लावल्यात तेवढ्याच. प्रोटॉनचंही तेच. दीड टेस्ला ताकदीच्या चुंबकात ते साधारण ६४ मेगाहर्ट्झला लागलेले असतात, रेडिओलहर त्याच सुराची असेल तरच हलतात. म्हणून मी म्हणतो सरळ "तरफणे" हे क्रियापद करा.

शाळामास्तर:
तरफ म्हणजे लीव्हर. सातवी-आठवीच्या पोरांना विचारा. टेकू, भार, बल. तुमच्या तरफणेनं पेशंटला वाटेल पहारीनं उचलणार आहेत.

तरफदार:
मास्तर, शब्दाला दोन अर्थ असले म्हणून एक मारायचा काय? मग "ढाळ"नं काय घोडं मारलंय.

हळदपेठ:
ढाळ परत आणू नका.

पेठेतली:
तरफेच्या उदाहरणात ग्रेडियंटपण बसतो हे कुणी बघितलंच नाही. सगळ्या तरफा एकाच सुरात लावल्या तर कुठली वाजली कळणार नाही, म्हणून त्या चढत्या सुरात लावतात. पॉल लॉटरबर या शास्त्रज्ञानं १९७३ साली हेच केलं, एरवी एकसारख्या चुंबकात मुद्दाम चढ आणला, म्हणजे शरीरातल्या प्रत्येक जागेचा सूर वेगळा, मग सुरावरून जागा ओळखायची. त्याआधी नुसता सिग्नल यायचा, चित्र नाही. २००३ चं नोबेल त्याला आणि पीटर मॅन्सफिल्ड या दुसऱ्या शास्त्रज्ञाला मिळालं ते यासाठीच. तेव्हा ढाळ नको तर "चढ" घ्या, एकाच जागेवर उभं राहून बघायची बाजू बदलली की झालं.

कृष्णाकाठ:
चढ कॉइल... आत्या म्हणेल ताप चढतो का. पण ताई, समजावणं फार आवडलं, ते चोरतोय.

रिवायंडिंगवाला:
मी विहिरीवरच्या मोटारी भरतो, कुपवाडला. आमच्यात सगळे कॉइलच म्हणतात, "कॉइल जळाली" हे निरक्षर माणूसपण सांगतो. वेटोळं, कुंडल असलं लिहाल तर त्याला साप दिसंल. तुम्ही शिकलेली लोकं लोकांना येणारा शब्द काढून न येणारा घालता आणि वर त्याला शुद्ध म्हणता.

वाईचा घाट:
शुद्धचा प्रश्न नाही, नेमकेपणाचा आहे. त्या मशीनमध्ये कॉइल एक प्रकारची नाही. ग्रेडियंटची वेगळी आणि गुडघ्याला, डोक्याला लावतात ती, शरीरातून येणारा सिग्नल ऐकणारी वेगळी. दोन्हीला कॉइल म्हणून पेशंटला काय कळणार?

पेठेतली:
हे खरं. ऐकणारीवरच तर अलीकडचे शोध जास्त लागलेत. आधी एकच मोठी कॉइल सगळं ऐकायची. पुढं १९९० च्या सुमारास बऱ्याच छोट्या शेजारी शेजारी लावायला लागले, जिला जे जवळ ते तिला मोठ्यानं ऐकू येतं. १९९९ च्या सेन्स पद्धतीत याच फरकाचा फायदा घेऊन निम्मीच मोजमापं करायची आणि राहिलेलं हिशेबानं काढायचं, म्हणजे आत पडून राहायचा वेळ कमी. भजनात जो तो आपल्या शेजारच्याचा आवाज सांगू शकतो, तसं. बाय द वे डोक्याच्या कॉइलला आमच्याकडचा टेक्निशियन "पिंजरा" म्हणतो. हसू नका, इंग्रजीतही तिचं नाव बर्डकेज, पक्ष्याचा पिंजरा असंच आहे.

माळरान:
पिंजरा भारी. पण बंद जागेची भीती वाटणाऱ्याला छापून देऊ नका.

तरफदार:
लॉटरबरवरून आठवलं. त्यानं या तंत्राला झ्युग्मॅटोग्राफी नाव दिलं होतं, ग्रीक झ्युग्मा म्हणजे जोडणं, जुंपणं. चढाचं चुंबकक्षेत्र आणि रेडिओलहर एकत्र जुंपली म्हणून. हा शब्द आणि आपलं बैलाचं जू एकाच मुळातले, संस्कृत युग, योग सगळे त्याचेच भाऊ. नाव कुणाला उच्चारता येईना म्हणून मागं पडलं असणार. आपण "जूचित्रण" म्हणू शकलो असतो. जुगाडपण त्यातलाच बहुतेक.

शाळामास्तर:
जुगाडला पुरावा द्या. बहुतेकवर व्युत्पत्ती चालत नाही.

कृष्णाकाठ:
मंडळी, साडेपाच वाजले. शेवटी काय छापू?

रिवायंडिंगवाला:
आमच्या आजोळी कडेगावकडं जूला शिवळ म्हणायचे.

माळरान:
शिवळ म्हणजे जूची खुंटी हो, अख्खं जू नव्हे. बैलाच्या मानेच्या बाजूला असते ती.

रिवायंडिंगवाला:
आमच्यात अख्ख्याला म्हणायचे. आजा सांगायचा, शिवळ घाल बैलाला. मी स्वतः घातलीय.

शाळामास्तर:
दोन्ही बरोबर असू शकेल. खानापूर, आटपाडीकडचं कुणी आहे का इथं? तिकडं काय म्हणतात?