शाळेतला मार आणि घरी सांगितलेलं "पडलो" : तुमचे अनुभव लिहा

रातराणी
काल लेकाच्या (आठवी) शर्टाची दोन बटणं तुटलेली दिसली. कॉलरच्या आत पेनाने काहीतरी लिहून घासून पुसलेलं. विचारलं तर म्हणाला, "पडलो."

मी शर्ट हातात घेऊन उभीच राहिले. 1993 मध्ये नागपुरात, महाल भागातल्या आमच्या वाड्यात मीही आईला हेच सांगितलं होतं. पडले नव्हते. सायकल स्टँडमागे तिघींनी वेणी धरून भिंतीवर आपटलं होतं, बाईंनी मला मॉनिटर केलं म्हणून. वर्षभर चाललं ते. आईने हळद लावली, "बघून चालत जा" म्हणाली.

युनिसेफचा 2018 चा अहवाल आहे. जगातली 13 ते 15 वयाची निम्मी शाळकरी मुलं, साधारण 15 कोटी, सांगतात की सोबतच्यांनी छळलं किंवा मारामारीत सापडलो. चाळीसच्या वर्गात वीस पोरं! त्यातली घरी किती सांगतात? तुम्ही सांगितलं होतं? दोन ओळी लिहिल्या तरी चालेल.

फोडणीचं_वरण
सांगितलं होतं ना. बाबा म्हणाले, "तू काय केलं ते सांग आधी," आणि वरून दोन ठेवून दिल्या. तेव्हापासून घरी काहीच सांगितलं नाही. दहावीत डोळ्याला चष्मा पाहिजे हेसुद्धा नाही.

उन्हाळी_संत्री
महालात कुठे गं? आम्ही बडकस चौकाजवळ राहायचो. मागच्या गल्लीत पिठाची गिरणी होती बघ.

रातराणी
हो हो, गिरणीच्या समोरच!! नंतर बोलू.

वर्धा_रोड
आमच्याकडे पोरांपेक्षा मास्तरच जास्त मारायचे. ओला फोक, पोटऱ्यांवर. वळ दिसू नये म्हणून मी मे महिन्यात फुल पँट घालून फिरलो, नागपूरच्या उन्हात. शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने शाळेत मारायला बंदी आहे, मानसिक छळालाही. 2009 चा कायदा. आमचं बालपण त्याच्या आधीच संपलं.

निळी_छत्री
महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 मध्ये 13 राज्यांतल्या मुलांचा अभ्यास केला होता. तीनपैकी दोन मुलांनी मार खाल्लेला. आणि त्यात मुलगे मुलींपेक्षा जास्त. "पोरगा आहे, त्याला काय होतंय" म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. लैंगिक अत्याचार सांगणाऱ्यांतही मुलगे निम्म्याहून जास्त निघाले.

पाहुणा_47
शाळेच्या ऑटोत मी पुढे काकांजवळ बसायला नाही म्हणायचो. सगळे हसायचे, बाकीची पोरं तर पुढच्या सीटसाठी भांडायची. का नाही म्हणतो, हे कोणी विचारलं नाही.
आज पहिल्यांदा लिहून राहिलो. एवढंच.

फोडणीचं_वरण
दादा, लिहिलंत ते बरं केलंत. आम्ही आहोत इथे.

उन्हाळी_संत्री
🙏 पुढचं लिहावंसं वाटलं नाही तर नका लिहू.

अंबाझरी_पोट्टा
मी मारणाऱ्यातला होतो. एक पोट्टा होता, तोतरा बोलायचा. रोज त्याला तेच एक वाक्य म्हणायला लावायचो, अडकला की टपली. पंधरा वर्षांनी बर्डीच्या बाजारात दिसला, कडेवर पोरगी. मी माफी मागायला गेलो तर त्यानं पोरीला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं, माझ्यापासून लांब. बोलला काहीच नाही. ते डोक्यातून जात नाही.

निळी_छत्री
रातराणी, शर्ट धुऊ नका. फोटो काढून तारीख लिहून ठेवा. फोनमधले ग्रुपही बघा, पण त्याला विचारून. आजकाल पोरं फोटोचे स्टिकर करून छळतात. आणि गरज पडली तर 1098, मुलांसाठीच आहे तो नंबर.

वर्धा_रोड
समोर बसवून विचारू नका बाप्पा. गाडीवर मागे बसवा आणि फुटाळा तलावावर न्या. तोंड दिसत नसलं की पोट्टे बोलतात. माझा असाच बोलला होता.

उन्हाळी_संत्री
येताना तर्री पोहे खाऊ घाल त्याला 😊

रातराणी
नेलं आज. लॉ कॉलेज चौकाच्या सिग्नलपर्यंत गप्प होता. तिथं मागून हळूच म्हणाला, "आई, चौघं आहेत ते. दिवाळीपासून." सिग्नल सुटला तरी माझ्याकडून गाडी निघेना, मागचे हॉर्न मारून राहिले. मग फुटाळ्याच्या कठड्यावर दीड तास बसलो. मी त्याला माझं 1993 चं सांगितलं. त्यानं विचारलं, "तुझा डबा पण घ्यायचे का?"

उद्या सकाळी मी आणि हे, दोघं शाळेत जातोय. शर्ट पिशवीत घातलाय. बाकी रात्री लिहिते, कुकरची शिट्टी झाली.