नेपल्स बंदरातील एक दिवस: पोम्पेई, हर्क्युलेनियम की काप्री?

अश्विनी_डोंबिवली:
नमस्कार. येत्या सप्टेंबरमध्ये आम्ही दोघे, बारावीतला मुलगा आणि माझ्या सासूबाई असे चौघे पश्चिम भूमध्य समुद्रातील क्रूझला जाणार आहोत. बुधवारी सकाळी ८ वाजता जहाज इटलीतील नेपल्सच्या धक्क्याला लागेल आणि सायंकाळी ६ वाजता सुटेल. जहाजावर परतण्याची अंतिम वेळ ५.३० आहे. मुलाने पोम्पेई या प्राचीन रोमन नगराच्या अवशेषांचा ध्यास घेतला आहे, परंतु सासूबाईंना गुडघेदुखीमुळे चढउतार आणि ओबडधोबड वाट जड जाते. पोम्पेई व काप्री बेट एकाच दिवसात दाखवणारी जहाजाची सहल घ्यावी, की आपले आपण जावे? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

धक्क्यावरून:
अश्विनीताई, कागदावर दहा तास दिसत असले तरी उतरण्याची रांग, परतीची अंतिम वेळ आणि हाताशी ठेवायचा किमान एक तास वजा केला, तर खरे फिरणे सहा-सात तासांचेच उरते. त्यात पोम्पेई आणि काप्री दोन्ही बसवणे म्हणजे दिवसाचा मोठा भाग बस व बोटीत घालवणे होय. काप्रीला जाणाऱ्या जलद बोटी क्रूझच्या धक्क्याशेजारच्या बेव्हेरेल्लो धक्क्यावरून सुटतात आणि सुमारे ५० मिनिटांत पोहोचतात, हे खरे; पण समुद्र खवळला तर त्या रद्द होतात. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते, स्वतंत्रपणे गेलेल्या प्रवाशांसाठी मात्र थांबत नाही. म्हणून स्वतः जायचे असेल तर बेट टाळून मुख्य भूमीवरचेच ठिकाण निवडावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मातीखालचे_शहर:
आपण हर्क्युलेनियमचा विचार अवश्य करावा. इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात दोन्ही नगरे गाडली गेली, पण वेगळ्या रीतीने. पोम्पेईवर आधी प्युमिस दगड व राख यांचा वर्षाव झाला आणि त्या भाराने छपरे कोसळली. हर्क्युलेनियमवर मात्र तप्त वायू आणि राखेचे लोट येऊन सुमारे २० मीटर जाडीचा थर साचला. त्या उष्णतेत लाकूड जळून नाहीसे होण्याऐवजी कोळशासारखे झाले आणि टिकले, त्यामुळे तेथे आजही दारे, तुळया, पलंग आणि वरचे मजले पाहायला मिळतात. जुन्या किनाऱ्यावरील होड्या ठेवण्याच्या कोठारांत आश्रय घेतलेल्या सुमारे ३०० माणसांचे सांगाडे सापडले आहेत. तेथे उभे राहिल्यावर त्या रात्रीची कल्पना येऊन मन सुन्न होते. आजचे एर्कोलानो गाव वरच वसलेले असल्यामुळे उत्खनन झालेला भाग लहान आहे आणि दोन-अडीच तासांत नीट पाहून होतो. चिर्कुमवेसुव्हियाना या स्थानिक रेल्वेगाडीने नेपल्सहून साधारण २० मिनिटे लागतात. मात्र स्थानकापासून अवशेषांपर्यंत उतार आहे आणि परतताना तोच चढ होतो; सासूबाई सोबत असतील तर टॅक्सी करावी.

प्राजक्ता_नाशिक:
वरील मताचा आदर राखूनही मला असे वाटते की, ज्या मुलाने पोम्पेईचा ध्यास घेतला आहे, त्याला दुसरीकडे नेणे योग्य नाही. हर्क्युलेनियममध्ये घरे अधिक शाबूत आहेत, पण चौक, रंगमंडल, स्नानगृहे आणि बेकरी यांसह एका संपूर्ण नगराचा विस्तार पोम्पेईतच जाणवतो. नगराचे क्षेत्र सुमारे ६६ हेक्टर असून त्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा अजून जमिनीखालीच आहे. रस्ते मोठ्या दगडी फरशांचे आणि सावली कमी, हे खरे. तथापि चाकाच्या खुर्च्यांसाठी आखलेला तीन किलोमीटरांहून लांब मार्ग आहे आणि तो अँफिथिएटरच्या बाजूने सुरू होतो. नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २०,००० प्रवेशांची मर्यादा असून तिकिटावर नाव असते, म्हणून ते आधीच काढून ओळखपत्र जवळ ठेवावे.

भोकरदनकर:
सासूबाईंसाठी एक निराळी सूचना करतो. पोम्पेईतील उत्तमोत्तम भित्तिचित्रे आणि घरांतील वस्तू नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. ते मंगळवारी बंद असते, तुमचा बुधवार आहे. १९३८ मध्ये पोम्पेईच्या एका घरात सापडलेली, सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची भारतीय हस्तिदंती मूर्ती याच संग्रहालयाच्या संग्रहात आहे. ती ‘पोम्पेईची लक्ष्मी’ म्हणून ओळखली जाते, काही अभ्यासक तिला यक्षी मानतात. तिच्याशी साम्य असलेल्या हस्तिदंती मूर्ती आपल्याकडे भोकरदन आणि तेर येथे मिळाल्या आहेत, आणि त्यावरून सातवाहनांच्या प्रदेशातून तिकडे माल जात असावा असे अनुमान केले जाते. मराठवाड्याच्या माणसाने तिचे दर्शन चुकवू नये. ती ‘गुप्त कक्ष’ नावाच्या दालनात असते. दालन उघडे आहे का, हे आत शिरतानाच विचारावे.

अश्विनी_डोंबिवली:
सर्वांचे मनापासून आभार. बापलेक पोम्पेईला आणि मी व सासूबाई संग्रहालयात, अशी विभागणी केली तर पोम्पेईला गेलेल्यांनी परतीचे नियोजन कसे ठेवावे?

धक्क्यावरून:
ही विभागणी उत्तम आहे. बंदरासमोरच्या म्युनिचिपिओ स्थानकातून मेट्रोने गारिबाल्दीला जावे आणि तेथून चिर्कुमवेसुव्हियानाने पोम्पेई स्काव्ही स्थानक गाठावे. प्रवेशद्वार तेथून अगदी जवळ आहे. गाडीला गर्दी फार असते, पाकीट सांभाळावे. इटलीत रेल्वेचे संप पूर्वसूचना देऊन होतात, तेव्हा आदल्या रात्री चौकशी करावी आणि संप असेल तर सरळ जहाजाची केवळ पोम्पेईची सहल घ्यावी. दुपारी दोननंतर अवशेषांत थांबू नये. तुम्ही दोघी टॅक्सीने जा. अधिकृत टॅक्सींना काही मार्गांसाठी निश्चित दर असतात, परंतु तो दर हवा असल्याचे निघण्यापूर्वीच चालकाला सांगावे लागते.