मदत हवी आहे: भाचीचं बुद्धिबळाचं अकाउंट कायमचं बॅन, कारणच सांगत नाहीयेत

नमस्कार मंडळी, माझी भाची एका परदेशी साईटवर ऑनलाइन चेस खेळते, गेल्या आठवड्यात लॉगिन केलं तर डायरेक्ट 'फेअर प्ले नियमांचा भंग, अकाउंट बंद'. कुठला गेम, कुठली चाल, काहीच नाही. अपील केलं तर दोन मिनिटांत उत्तर, 'निर्णय अंतिम आहे', म्हणजे माणसाने बघितलंच नसणार ना हे!

चाली स्टॉकफिशसारख्या इंजिनशी (बुद्धिबळ खेळणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामशी) किती जुळतात आणि प्रत्येक चालीला किती वेळ घेतला हे तपासतात एवढं मला माहितीये, आणि चीटिंग पकडायलाच हवी, पण पोरगी सिसिलियन ओपनिंगच्या (डाव सुरू करायची एक ठरलेली पद्धत) पहिल्या बारा-पंधरा चाली पाठ करून खेळते, त्या जुळणारच की. क्लासमधल्या पोरी तिला चीटर म्हणायला लागल्यात, रडून रडून डोळे सुजलेत तिचे.

युरोपात डीएसए (डिजिटल सर्व्हिसेस ॲक्ट) या ऑनलाइन सेवांवरच्या कायद्यामुळे बॅनचं कारण द्यावं लागतं, अपीलही नुसतं मशीनवर सोडता येत नाही. आपल्याकडे २०२१ च्या आयटी नियमांत तक्रार अधिकारी आहे, वर सरकारची अपील समितीपण आहे. कुणी तिथे गेलंय का? परदेशी साईट दाद देते का? सगळ्या गेमच्या पीजीएन फाईल (चालींची नोंद) आहेत माझ्याकडे, अजून काय जोडू?