रस्त्याकडेचे खांब: महामार्गभर की फक्त चौकात?
(चौघांची चर्चा: वर टोपणनाव, खाली मत)

चौकातला
बोलक्या गाड्यांसाठी, म्हणजे एकमेकींशी आणि रस्त्याशी रेडिओने बोलणाऱ्या गाड्यांसाठी, महामार्गभर आरएसयू, म्हणजे रस्त्याकडेची रेडिओ युनिटं, लावायची टूम निघाली आहे. माझं मत: पैसा चौकात घाला, महामार्ग मोबाइल नेटवर्कवर सोडा. एका युनिटचा पल्ला ३०० मीटर धरला तर दर ६०० मीटरला एक खांब, १०० किमीला सुमारे १६७. प्रत्येकाला वीज हवी, फायबर हवं. युनिटचा डबा त्या मानाने किरकोळ. पैसा खाते ती खोदाई. चौकात सिग्नलचं कॅबिनेट आणि वीज आधीच असते. आणि पुढच्या गाडीने करकचून ब्रेक मारला तर ती मागचीला थेट कळवते. त्यात खांबाचं काय काम?

अर्धी वाट
'थेट' म्हणजे दोन्ही गाड्यांत यंत्र हवं! १०० पैकी १० गाड्यांत ते असेल, तर दोन्ही गाड्या बोलक्या निघण्याची शक्यता १ टक्का. खांबाशी बोलायला एकच पुरते, म्हणजे १० टक्के. पुढे निम्म्या गाड्यांत यंत्र आलं तरी २५ विरुद्ध ५०. सुरुवातीची रखडती वर्षं खांबच तारून नेणार, आणि तुम्ही नेमके तेच वगळताय.

चौकातला
गणित मान्य. पण ते खांब कुठे हवा हे सांगत नाही. पुढे २ किमीवर काम चालू आहे, हे मोबाइल नेटवर्कवरून अर्धा सेकंद उशिरा कळलं तर काय बिघडलं? चौकात कॅमेऱ्याला पादचारी दिसला, तर ताशी ५० किमीच्या गाडीसाठी तोच अर्धा सेकंद म्हणजे ७ मीटर. खांब तिथे.

कॅबिनेटची किल्ली
चौक स्वस्त, हे टेंडरपुरतं. पीओईची, म्हणजे डेटाबरोबर वीजही नेणारी, इथरनेट केबल १०० मीटरपर्यंतच. कॅबिनेट चौकाच्या एका कोपऱ्यात आणि खांब पलीकडे असला, की वळसे धरून ती मर्यादा सहज ओलांडते. मग फायबर, कन्व्हर्टर, खांबावर वेगळी वीज.

खरी डोकेदुखी नकाशाच्या संदेशाची, म्हणजे चौकातल्या लेन गाड्यांना सांगणाऱ्या संदेशाची. त्यात प्रत्येक लेनला सिग्नल गटाचा क्रमांक जोडलेला असतो. सिग्नलच्या कंट्रोलरमध्ये फेज (कोणाला कधी हिरवा, ते टप्पे) बदलले आणि नकाशा तसाच राहिला, की सरळ जाणाऱ्या लेनला वळणाऱ्यांचा हिरवा दिसतो. युनिट चालू, दिवे हिरवे, देखरेखीच्या पडद्यावर सगळं आलबेल, आणि संदेश साफ चुकीचा. लेनचे पट्टे नव्याने मारले तरी तीच गत. हा खर्च कायमचा, आणि अंदाजपत्रकात त्याला ओळच नसते.

भाडेकरू
म्हणून तर भागीदारी हवी. त्याच खांबावर मोबाइल कंपनीचा स्मॉल सेल (छोटा मोबाइल टॉवरच) बसवा, खोदाई वाटून घ्या. गाड्यांचं इंटरनेटही युनिटमधूनच द्या, भाडं येईल.

अर्धी वाट
खांब वाटा, फायबर वाटा, रेडिओ नको. अमेरिकेत १९९९ मध्ये गाड्यांच्या रेडिओसाठी ५.९ गिगाहर्ट्‌झला ७५ मेगाहर्ट्‌झ राखले होते. २०२० मध्ये तिथल्या दूरसंचार नियामकाने, एफसीसीने, त्यातले ४५ वायफायसारख्या वापराला दिले आणि उरलेल्या ३० साठी डीएसआरसी या वायफायच्या जातीच्या जुन्या पद्धतीऐवजी मोबाइल तंत्रावरचं सी-व्ही२एक्स ठरवलं. एवढ्याशा पट्ट्यात व्हिडिओ कोंबला तर इशारे गुदमरतील.

कॅबिनेटची किल्ली
त्याच निर्णयाने डीएसआरसीचे डबे मोडीत निघाले. खांब आणि फायबर मात्र कामाचे राहिले. म्हणून घसारा वेगवेगळा लावा. आणि भाडेकरूसाहेब, करारात एक कलम घालाच: नेटवर्कचा स्विच सामायिक असेल तर रीबूट कोणाला विचारून करायचं. रात्री तुमच्या माणसाने स्विच रीबूट केला, तर आमचा चौक मुका होतो.