मदत हवी आहे: आबांची पत्रं आणि सेवेची नोंद

नमस्कार मंडळी. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, मागच्या महिन्यात गेले. १९७१ च्या लढाईत ते पहिल्या मराठा लाइट इन्फंट्रीत, म्हणजे जंगी पलटणीत होते. डिसेंबरच्या १० तारखेच्या रात्री जमालपूरला (आताच्या बांगलादेशात) जी लढाई झाली त्याबद्दल आम्ही कितीदा तरी विचारलं, पण ते "थंडी लई होती" एवढंच म्हणायचे.

आजीची दृष्टी गेल्यावर मात्र अकरा वर्षं रोज सकाळी तिची वेणी त्यांनीच घातली. आधी बोटाला खोबरेल तेल, मग भांग, आणि शेवटी काळ्या दोऱ्याची घट्ट गाठ. कुणी "द्या, मी घालते" म्हटलं तरी कंगवा सोडायचे नाहीत. आता वेणी मी घालते. आजी म्हणते, गाठ सैल बसते.

त्यांच्या ट्रंकेत ९९ एपीओच्या (म्हणजे लष्करी टपाल कार्यालयाच्या) पत्त्याची निळी आंतरदेशीय पत्रं मिळाली. आजीला ती वाचून दाखवायची आहेत, पण शाई पार फिकटली आहे आणि घडीवर कागद तुटतोय. घरच्या घरी अक्षर उठून दिसेल असा फोटो कसा काढावा? लॅमिनेशन करू नको असं एकांनी सांगितलं, ते बरोबर आहे का?

दुसरं, त्या लढाईच्या पदकांपैकी 'पूर्वी स्टार' हे पदक सापडलं, 'संग्राम मेडल' नाही. मेडल आणि सेवेच्या नोंदीसाठी मराठा रेजिमेंटच्या बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसकडे नातीने अर्ज केला तर चालतो, की आजीचाच अंगठा लागतो? कुणी हे केलं असेल तर कृपया सांगा. आणि जमालपूरला असलेलं तुमच्या घरचं कुणी हयात असेल, तर आजीला त्यांच्याशी दोन शब्द बोलायचे आहेत.